वादळ आलं नाही म्हणून

नाही हो, वादळानं नाही फुटल्या. वादळ आलंच नाही, म्हणून फुटल्या. — चेष्टा नाही करत, खरंच सांगते. तुम्ही शिडी आधी नीट टेकवा, तिथली फरशी सरकते, वर्षानुवर्षं साबणाचं पाणी मुरलंय तिच्याखाली. हां, तशी. तुम्ही बाहेरगावचे, तुम्हाला कुठून ठाऊक असणार! म्हणून तर तुम्हाला एवढ्या लांबून बोलावलं. इथला काचवाला आहे की — त्या वळणावर दुकान आहे त्याचं, येताना दिसलं असेल — पण तो माझ्याकडे येत नाही. निरोपावर निरोप धाडले. कधी म्हणे माल संपलाय, कधी म्हणे पाठ धरलीय. पाठ धरलीय! माझ्या दारात दगड उचलायला कसा छान वाकत होता. बघा ना, काचवाल्यानंच काचा फोडायच्या आणि वर बसवायला यायचं नाही — असा आतबट्ट्याचा धंदा कुणी केलेला ऐकलाय का तुम्ही? हसा, हसा. मलाही हसू येतं कधी कधी.

मोठ्या आहेत ना खिडक्या? लाँड्रीला लागतातच. मागे बॉयलर, इकडे इस्त्रीची टेबलं, वाफेला बाहेर पडायला वाट नको? इतके दिवस फळ्या ठोकून काढले, पण आत जीव घुसमटतो, कामावरच्या पोरी चक्कर येऊन पडायला लागल्या. — अहो, ते कपाट हलवू नका, त्याच्याखालून अजून तुकडे निघतात. काल हॉटेलच्या चादरी झटकत होते तर एक सरळ तळहातात — हा बघा. किती झाडलं, किती पुसलं, पण काच कशी असते ते तुम्हाला काय सांगायचं. त्या दिवशी त्याच चादरी पडल्या होत्या इथं ढिगानं. त्यांच्यावरचं रक्त काही गेलं नाही सगळं. रक्ताला गार पाणी लागतं, गरम घातलं की डाग कायमचा बसतो, आणि गडबडीत एका पोरीनं गरम घातलं. — कुणाचं? जावयाचं. माझ्या जावयाचं रक्त.

हवामान कचेरीत असतो तो, राहायला इथंच माझ्या माडीवर. ती टेकडीवरची पांढरी इमारत नाही का, वर तबकडी फिरते ती. लग्नाआधी माझं गिऱ्हाईक. आठवड्याचे शर्ट आणून टाकायचा आणि सांगायचा, मावशी, कॉलरला खळ कमी. मग एक दिवस न सांगता लेकच त्याच्या शर्टांना खळ कमी घालायला लागली, तेव्हा मी ओळखलं. अजून मावशीच म्हणतो मला. गावात त्याला ढगमास्तर म्हणतात. चांगला आहे हो. फक्त बोलायला जरा — कसं सांगू — गोड करून सांगता येत नाही त्याला. तुम्ही विचारलंत की आज पाऊस पडेल का, तर तो पडेलही म्हणणार नाही आणि नाही पडणार असंही म्हणणार नाही. म्हणेल, दहातले सहा. आता हे दहातले सहा घेऊन माणसानं छत्री न्यायची की घरी ठेवायची?

या न आलेल्या वादळाच्या आधी एक येऊन गेलं होतं, ते ऐकलं असेल तुम्ही. आलं असं नाही, समुद्रातूनच पुढे गेलं, आम्हाला नुसता खांदा मारून गेलं. पण त्या खांद्यानं काय केलं! धक्क्याचा अर्धा भाग उखडून रस्त्यावर आणून टाकला. बोटी एकमेकींवर चढल्या, आतल्या बाजूनं फाटल्या. मासळीच्या गोदामाचा पत्रा सुटला, आणि फाटकाशी रखवालदार उभा होता, त्याचा हात खांद्यापासून घेऊन गेला. मी याच खिडकीत होते. तो माणूस ओरडलासुद्धा नाही हो. खाली वाकला आणि दुसऱ्या हातानं पाण्यात चाचपडायला लागला. हात शोधत होता स्वतःचा. — तर हे असं सगळं डोळ्यांसमोर ताजं, आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच दुसरं निघालं. पहिल्यापेक्षा मोठं, आणि तोंड सरळ आमच्याकडे.

जावयानं घरी येणंच सोडलं. लेक जेवण घेऊन जायची टेकडीवर, तर म्हणे पडद्यासमोर उभ्यानंच खायचा. मग भोंगे झाले — खालची वस्ती रिकामी करा, सगळ्यांनी टेकडीमागच्या गोदामांत जा. लोक निघाले. रखवालदाराचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलेलं, कुणाला फार सांगावं लागलं नाही. एक जण तेवढा निघेना. ते समोरचं घर दिसतं का, निळ्या दाराचं? दार बंद आहे बघा. तिथला. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. आडदांड गडी, दोघांनी उचलायचं इंजिन एकटा उचलतो. त्याची बायको दिवस भरत आलेली, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं की हिला पलंगावरून खाली उतरू देऊ नका. तो म्हणाला, मी नाही हलवणार. तर जावई स्वतः उतरून आला टेकडीवरून. दारात उभं राहून दोघांचं काय ते बोलणं झालं, मी इथून ऐकलं, रस्ता केवढासा आहे.

‘तू मला खात्री दे,’ तो म्हणाला. ‘वादळ इथंच येणार अशी खात्री दे, आत्ता उचलून नेतो तिला.’

‘खात्री नाही देता येत,’ जावई म्हणाला. ‘दहातले आठ.’

‘आणि उरलेले दोन?’

‘उरलेल्या दोनात काय आहे ते मलाही दिसत नाहीये. पण आलं तर हे घर उरणार नाही. मग ती पलंगावर असो नाहीतर कुठेही असो.’

त्यानं दार सताड उघडलं. मग आत गेला आणि बायकोला गादीसकट बाहेर आणलं. गादीचं दुसरं टोक जावयानं धरलं होतं. दोघांनी मिळून ठेवली तिला ट्रकमध्ये.

त्याच ट्रकमध्ये मी होते. तिचं डोकं माझ्या मांडीवर. रस्ता पहिल्या वादळानं खाऊन टाकलेला, पुढे गाड्या, मागे गाड्या, जो तो हॉर्नवर हात ठेवून बसलेला. ट्रक आपटला की ती माझं मनगट आवळायची. ओरडत नव्हती. तिला ओरडायची सवयच नाही, घरात असली तरी आहे असं कळत नाही. आणि मग एका खड्ड्यात चाक बसलं — असं बसलं की आम्ही सगळे एका बाजूच्या फळीवर जाऊन आदळलो, आणि गादी ओली झाली. मला वाटलं, ताडपत्रीतून पाऊस गळतोय. हात लावून बघितला. पाऊस नव्हता.

तिथंच झालं सगळं. लोकांच्या पायांत, गाठोड्यांत. बायकांनी साड्या-चादरी धरल्या आडोशाला. मुलगी होती. केस होते भरपूर. रडली नाही. पाठीवर मारलं, उलटं धरून मारलं, तोंडात फुंकलं, जे जे म्हणून माहीत होतं ते सगळं केलं हो मी — नाही रडली. आणि तो खाली होता. ट्रकच्या चाकाखालची माती पहारीनं उपसत होता. खण्‌, खण्‌, खण्‌ — फळीतून आवाज येत होता वर. मी वाकून सांगायला हवं होतं त्याला, की आता घाई करू नकोस. नाही सांगितलं. म्हटलं, उपसतोय तोवर तरी बाप आहे.

— नाही, नाही, मी ठीक आहे. पाणी नको. तुम्ही मापं घ्या तुमची. ती वरची झडप वाकडी आहे बरं का, तिची दोन्हीकडून मापं घ्या.

आणि वादळ? दुसऱ्या दिवशी सगळं गाव गोदामांच्या दारांत उभं राहून समुद्राच्या दिशेनं बघतंय, आणि आभाळ झालं पांढरं. वारा आला, तर दोरीवरचे कपडे हलतील एवढा. पाऊस आला, तर पायरी भिजेल एवढा. बस्स. लोकांनी आधी मिठ्या मारल्या एकमेकांना, वाचलो म्हणून. नाचले काही जण. मग खाली उतरले, तर कुणाच्या घराचं कुलूप तोडलेलं, कुणाच्या दुकानाचं शटर उचकटलेलं. रिकाम्या गावात चोरांनी मनसोक्त हात मारलेला. तेव्हा हसणं थांबलं. आणि मग कुणीतरी म्हणालं, कुणामुळे?

मीही विचारलंच की जावयाला. या टेबलाशी बसला होता, डोळे तांबडे लाल. म्हटलं, गेलं कुठे रे ते? एवढं अक्राळविक्राळ, तूच दाखवलं होतंस पडद्यावर, गेलं कुठे? म्हणाला, मेलं, मावशी. म्हटलं, वादळ मरतं? म्हणाला, मरतं की. उपाशी ठेवलं की मरतं. मला कळलं तसं सांगते हं — वादळ जगतं ते समुद्राच्या कोमट पाण्यावर. पाणी कोमट असलं की वाफ वर चढते, वर तिचा ढग होतो, ढग होताना तिच्यातली ऊब सुटते, ती ऊब हवेला आणखी वर रेटते, की खालून आणखी वाफ. म्हटलं, म्हणजे बॉयलर. म्हणाला, बॉयलरच म्हणा. तर पहिलं वादळ ज्या वाटेनं गेलं ना, त्या वाटेवर त्यानं समुद्र खोलवर ढवळून ठेवलेला, खालचं गार पाणी वर आलेलं. आणि हे दुसरं नेमकं त्या गार पट्ट्यावर येऊन पोचलं. आच गेली. आणि त्याच वेळी बाजूनं कोरडी हवा आत घुसली, पलीकडच्या उजाड मुलखावरून येते ती. कोरडी हवा म्हणे तहानलेली असते. ढगात शिरली की ढगातलं पाणी पिऊन टाकते. पाणी सुकलं की हवा गार पडते, गार पडली की जड होते, आणि धाडकन खाली कोसळते — खालून वर येणाऱ्या वाफेच्या डोक्यावरच. मग वर चढणार काय? एका बाजूची ढगांची भिंत ढासळली, गिरकी मोडली, खेळ खलास.

म्हटलं, अरे मग हे तुला आधी नाही कळलं? तर म्हणाला, कोरडी हवा दोन दिवस त्याच्या शेजारीच होती, मला दिसत होती. पण जोरात असलेलं वादळ तिला आत येऊ देत नाही, ओल्या ढगांचं कुंपण घालून फिरतं स्वतःभोवती. ते कुंपण कधी तुटेल, तुटेल की नाही — असे हात पसरले त्यानं. आणि पाणी किती खोलवर गार झालंय ते मोजायचं यंत्र असतं समुद्रात तरंगत ठेवलेलं, तेच पहिल्या वादळानं तोडून नेलेलं. म्हणाला, कळेपर्यंत थांबलो असतो तर मग माणसं हलवायला वेळ उरला नसता, मावशी. पटलं मला. मला पटायला काय जातंय? मी काही ट्रकखाली माती उपसत नव्हते.

त्याच दुपारी लोक चालून आले. आधी आवाज आला, बोटी सोडताना कसे सगळे मिळून ओरडतात तसा. मला वाटलं, कुणी बुडालं की काय. मग पहिला दगड — ती डावीकडची, तुम्ही आत्ता मापलीत ती. मग दुसरा. मग मोजायचं राहिलंच नाही. पोरी किंचाळत टेबलांखाली शिरल्या. एकीच्या भुवईत काच रुतली, रक्त डोळ्यात उतरलं, तिला वाटलं डोळाच गेला. बाहेर ओरडणं काय — ‘ढगमास्तर, बाहेर ये! कुठंय तुझं वादळ?’ आमचे रोजचे लोक हो. ज्यांच्या शर्टांची बटणं मला ओळखू येतात ते लोक. चौकात पोलीस होते, ते पाठ करून उभे राहिले.

जावई जिन्यावरून खाली आला. लेक त्याच्या कमरेला धरून मागे ओढत होती. मी म्हटलं, मागच्या दारानं जा. म्हणाला, माझं बोलणं ऐकतील ते. ऐकतील! अरे, ऐकायला का कुणी दगड घेऊन येतं? पण गेला. पायरीवर उभा राहिला आणि सांगायला लागला, मघाशी मला सांगितलं ते सगळं, तसंच्या तसं. गार पाणी. कोरडी हवा. आणि गंमत म्हणजे लोक थांबले. खरंच थांबले. पुढच्या रांगेत तो इंजिनवाला उभा होता, हातात तीच पहार, चिखल वाळलेला तिच्यावर. शांतपणे ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, ‘म्हणजे हवा कोरडी होती म्हणून.’ जावई म्हणाला, ‘मुख्य कारण तेच.’ तो म्हणाला, ‘मग चूक कुणाची?’ आणि जावई — मी सांगितलं ना, गोड करून बोलता येत नाही त्याला — म्हणाला, ‘जे झालं त्याचं मला फार वाईट वाटतं. पण मी चुकलो नाही.’

झालं. कुणीतरी वल्ह्याचा दांडा घातला त्याच्या जबड्यावर. हॅंगर मोडतो ना, तसा आवाज झाला. खाली पडला तर लाथा. खांद्याचं हाड गेलं, बरगड्या गेल्या, एकानं बुटाची टाच त्याच्या बोटांवर ठेवून फिरवली, मुद्दाम, सावकाश, विडी विझवतात तशी. तसाच सरपटत आत आला तो, त्या उंबऱ्यावरून, काचांवरून, आणि चादरींच्या ढिगाशी येऊन उताणा झाला. तोंडातून नुसतं रक्त. बाकीचे दारातच थांबले. तो एकटा आत आला. इंजिनवाला. पहार दोन्ही हातांनी धरली आणि वर नेली — डोक्यावरच घालणार होता, मी आणि तो खाली पडलेला, आमच्या मध्ये हे एवढं टेबल. इस्त्री तापलेली होती. मोठी, हॉटेलच्या कपड्यांची, उचलायला दोन हात लागतात ती. मी कशी उचलली ते आठवत नाही. मध्ये उभी राहिले. त्यानं मला पाहिलं आणि म्हणाला, ‘आई, बाजूला हो.’

— काय झालं? टेप का सोडलीत?

हो. आई म्हणाला. मग काय म्हणणार? मुलगा आहे माझा. एकुलता. ट्रकमधली ती सून माझी, आणि ती न रडलेली — जाऊ दे. तुम्ही तिऱ्हाईत माणूस, तुम्हाला कशाला सगळं नातंगोतं सांगत बसायचं म्हणून नव्हतं सांगितलं. आता कळलंच आहे तर कळू दे. लग्नानंतर समोर राहायला गेला, इतकंच. मी जेवायला बसले की त्याच्या ताटाचा आवाज यायचा मला, इतकं जवळ.

मी म्हटलं, खाली ठेव ती. म्हणाला, ‘हो बाजूला, नाहीतर तुझ्यावरून जाईन.’ आणि हात आणखी वर नेला. हात असा वर केला ना त्यानं की हुबेहूब त्याचा बाप दिसतो. तोच दंड, तोच वाकलेला अंगठा. त्याचा बाप याच टेबलाशी मला — नको. तो मरून गेला, सुटला, मीही सुटले. पण त्या क्षणी मला काही माझा मुलगा नाही दिसला, खरं सांगते. मी ती इस्त्री त्याच्या गालावर लावली. इथून, कानापासून, हनुवटीपर्यंत. चर्रर्र झालं. ओल्या कपड्यावर होतं ना, तसंच. कातड्याला काय, कळतं थोडंच की आपण कापड नाही. वास आला. केसांचा आधी, मग दुसरा.

पहार पडली त्याच्या हातातून. फरशीवर खणकन आवाज झाला, ही बघा इथं फरशीला टवका गेलाय. मी ऐकला तो आवाज. आणि ऐकूनसुद्धा मी इस्त्री उचलली नाही. उचलायला हवी होती ना? पहार पडली, हात रिकामे झाले, तो गुडघ्यांवर आला. मी त्याच्याबरोबर खाली वाकले. दाबूनच धरली. जोर लावून. शेवटी लेकीनं भिंतीतून वायर उपटली आणि मला मागून ओढलं. ती पोलिसांना काही बोलली नाही. जावयाला कोणी मारलं विचारलं तर मी म्हटलं, गर्दी होती, दिसलं नाही. माझ्या मुलाला विचारलं, तोंड कशानं भाजलं, तर त्यानं म्हणे लिहून दिलं, इंजिनाची वाफ आली अंगावर. — असं बघू नका माझ्याकडे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. नव्हतं विचारलं? मग मी का सांगतेय?

लोक पळाले ते वास आल्यावर. एकदम सगळं सामसूम. तो भिंतीला टेकून बसलेला, तोंडावर ओला टॉवेल. जावई चादरींत, लेक त्याच्यापाशी. आणि सून आली रस्ता ओलांडून. अंगात ताप, पाय ओढत, भिंतींना धरत आली. मला वाटलं, आता ही बोलेल, शिव्या देईल, मी तयारच होते. तिनं आधी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग खाली वाकून एक दगड उचलला, आणि त्या कोपऱ्यातली एकच काच शाबूत राहिली होती तिथपर्यंत चालत गेली. तिनं ती फोडली. एकाच फटक्यात, अजिबात घाई न करता. मग नवऱ्याला उठवलं आणि घेऊन गेली. त्या दिवसापासून ते दार बंद आहे. मी सकाळी दूध ठेवते पायरीवर, संध्याकाळी तसंच असतं. मग मांजरं पितात.

जावई जगेल. जबडा तारेनं बांधलाय, नळीनं जेवण. लेक असते तिकडे इस्पितळात. माझे उपकार आहेत म्हणते तिच्यावर, रोज म्हणते — पण जवळ गेले की सरकून बसते. कळत नसेल तिला स्वतःला, पण सरकते. गावात बोलतात, म्हातारीला पोटच्यापेक्षा जावई जवळचा. बोलू देत. मी काही जावयासाठी — थांबा.

थांबा जरा. दार उघडलं समोरचं.

तो आहे. पट्टी काढलेली दिसते. हातात बॅग आहे. सून मागेच आहे, ती पायरीवर थांबली. हा इकडे येतोय, या बाजूला — नाही, तुम्ही राहा शिडीवर, उतरू नका, काम चालू आहे असं दिसू दे. मापं घ्या.

ये. — ये ना आत. काचा लावायला माणूस आलाय, बाहेरगावचा. बस म्हणत नाही, बसणार नाहीस तू. — जाताय? आज? आणि ती एवढी अशक्त असताना प्रवास — बरं. बरं, नाही बोलत. कुठे? समुद्रापासून लांब. चांगलं आहे. तिकडे इंजिनं असतील का दुरुस्तीला? ट्रॅक्टरची. हो, हात आहे तुझ्याकडे, कुठेही पोट भरेल. — उजेडात ये, बघू दे मला एकदा. नको? हात नाही लावत. नुसतं बघते. नको तर नको.

काय? — तुझ्या मेहुण्याला नाही सांगणार, तू नको म्हणत असशील तर. — मग काय विचारायचंय? विचार ना. विचार, हा माणूस ऐकत नाही, कामात आहे तो.

कसली पहार?

पडली होती? — नाही रे. नाही, मला नाही दिसली पडलेली. अरे, केवढा गोंधळ होता, पोरी ओरडत होत्या, मला वाटलं तुझ्या हातातच आहे. आवाज? कसला आवाज? मला नाही आला कसला आवाज. कळलं असतं तर मी लगेच — मी आई आहे ना तुझी, मी उचलली नसती का? तूच सांग. उचलली नसती का?

... हो. तसंच झालं असेल. गोंधळातच झालं. जा. ती थांबलीय उन्हात. पोचलास की कळव. नाही कळवलंस तरी — जा.

गेला. मागे वळून बघत नाही तो कधी, लहानपणापासून.

तुम्ही उतरा आता. झाली ना मापं? टेप उचला ती. — त्याला काय सांगायला हवं होतं मी? नाही, सांगू नका. तुम्ही काही ऐकलं नाहीत आणि मी काही बोलले नाही. काचा तयार झाल्या की कुणातरी दुसऱ्या माणसाबरोबर पाठवून द्या. दुसऱ्या कुणालाही पाठवा. तुम्ही येऊ नका. जा.